ताल रक्तात असतो काय?

सिदी लोकांची धमाल रंगमंचावर झाली की तिच्यासंबंधी जे छापून येते किंवा बोलले जाते, त्यात एक वाक्य हटकून असते : 'ताल यांच्या रक्तातच आहे.' लिहिणाराच्या मनात स्तुतीच असते, याविषयी आम्हांस संशय नाही. आफ्रिकेतून कित्येक शतकांपूर्वी आलेली माणसे, तिकडची भाषा विसरली, तिकडची गावे विसरली, तरी ढोल विसरली नाहीत, या गोष्टीचे नवल वाटणे स्वाभाविक आहे. आणि नवलाचे कारण शोधण्याचे श्रम वाचवावयाचे असले म्हणजे 'रक्त' हा शब्द फार सोयीचा पडतो. आम्हांस मात्र हे वाक्य जितके ऐकावे तितके अधिक खटकत गेले आहे. स्तुतीच्या वेषात ते एक अन्याय करते, आणि तो केवळ सिदींवरच नव्हे, तर डफ, हलगी, संबळ वाजवून पोट भरणाऱ्या आपल्याकडील पुष्कळ माणसांवर करते, असे आमचे मत आहे.

'सिद्दी' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम जंजिरा उभा राहतो. मग १६६० सालचा पन्हाळ्याचा वेढा आणि सिद्दी जौहर आठवतो. थोडे मागे गेले की निजामशाही सावरून धरणारा मलिक अंबर. आमच्या वऱ्हाडालाही हा संबंध अगदीच परका नाही : बहामनी राज्यात वऱ्हाडाचे गाविल आणि माहूर असे दोन भाग पाडण्यात आले, तेव्हा माहूरचा भाग खुदावंतखान हबशी याच्याकडे होता. एकंदरीत आफ्रिकेचा माणूस आपल्या इतिहासास ठाऊक आहे तो तरवारीमुळे, किल्ल्यामुळे आणि आरमारामुळे. 'हबसाण' हा शब्द बखरींतून भेटतो, तो मुलखाचे नाव म्हणून. त्या माणसाबरोबर ढोलही आला असेल, हा विचार इतिहास वाचताना कोणाच्या मनात सहसा येत नाही.

ढोल राहिला तो सरदारांच्या घरी राहिला नाही. तो फकिरांच्या झोपडीत राहिला. गुजरातेत भडोच जिल्ह्यात रतनपूरजवळ एका टेकडीवर बावा गोर या सिदी पिराचा दर्गा आहे. अकीक दगडाच्या व्यापाराशी या पिराचे नाव निगडित आहे. बावा गोर, त्याचा भाऊ बावा हबश आणि बहीण माई मिसरा या तिघांभोवती गुजरातेतील सिदींची सारी भक्ती फिरते. सौराष्ट्रात गीरच्या जंगलालगत जांबूर हे गाव बहुतांशी सिदींचेच. तेथील पिराला नगारची पीर म्हणतात. पिराचे नावच नगारा वाजविणारा, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. शिवाय कारवार जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या बाजूच्या रानांत सिद्दींची वस्ती आहे. ते घरात कोंकणी बोलतात, त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत, आणि तिघांचाही 'डमाम' नावाचा ढोल एकच आहे.

या लेखात मुख्यतः गुजरातेतील सिदींच्या वादनाचा विचार करावयाचा आहे. त्यांचा मोठा ढोल तो मुगरमान. तो पायांवर उभा असतो आणि त्यांच्या दृष्टीने ते नुसते वाद्य नाही, पूज्य वस्तू आहे. त्याच्या जोडीला गळ्यात अडकवून वाजविण्याचा लहान ढोल, मुसिंडो. नारळाच्या करवंटीचा खुळखुळा माई मिसरेच्या नावाने ओळखला जातो आणि बायका तो हातात घेतात. आणखी एक वाद्य आहे ते मलुंगा : एक धनुष्य, त्याला बांधलेला भोपळा, तारेवर बारीक काडीचा आघात, आणि काडी धरलेल्या त्याच हातात एक लहानसा खुळखुळा. ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांच्या वंशजांचे 'बेरिंबाऊ' म्हणून जे वाद्य जगभर प्रसिद्ध झाले, त्याचे हे हिंदी भावंडच म्हणावयास हरकत नाही. मलुंगा ढोलासारखा गर्जत नाही. तो गुणगुणतो. म्हणूनच रंगमंचावरील गर्दीत त्याला जागा मिळत नाही. पण त्याच्याकडे आम्ही पुढे येणारच आहो.

या साऱ्या वादन-गायन-नर्तनाला सिदी 'गोमा' म्हणतात, आणि 'धमाल' असेही म्हणतात. पैकी 'धमाल' शब्दाची आपण मराठीत काय गत केली आहे हे सांगावयास नको. सहलीला गेलेली मुले जी करतात ती धमाल. सिदींकडे तो पिराच्या दारातला शब्द आहे. पण आमच्या दृष्टीने अधिक बोलका शब्द 'गोमा' हा होय. पूर्व व मध्य आफ्रिकेच्या बांटू भाषांत 'ङोमा' म्हणजे ढोल. आणि त्याच शब्दाने नाच, गाणे आणि तो ढोल वाजतो तो मेळावाही सांगितला जातो. वाद्य वेगळे, वादन वेगळे आणि जमलेली माणसे वेगळी, अशी फोड त्या शब्दात होत नाही. आपल्याकडे 'भजन' या शब्दाचे तसेच आहे. भजन म्हणजे पद, भजन म्हणजे ते म्हणणे, आणि 'आज आमच्याकडे भजन आहे' म्हणताना भजन म्हणजे रात्रभर बसलेली माणसे. 'गोंधळ' आणि 'जागर' यांचेही असेच. ज्या भाषेत असे शब्द आहेत त्या भाषेच्या वाचकाला गोमा समजण्यास परदेशी पंडिताची गरज पडू नये. तरी पडते, याचे कारण आपण गोमा ऐकत नाही, पाहतो.

गीरचे सिंह पाहावयास गेलेल्या पुष्कळ कुटुंबांनी रात्री उतरण्याच्या जागी हा खेळ पाहिला असेल. मोरपिसांचे घागरे, रंगविलेले चेहरे, आगीचे खेळ, आणि शेवटी नारळ उंच फेकून डोक्यावर फोडणे. मुले टाळ्या पिटतात, मोठी माणसे छायाचित्रे घेतात, आणि पंधरा-वीस मिनिटांत सारे आटोपते. करणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. गरीब माणसाला चार पैसे मिळतात त्यावर नाक मुरडण्याचा अधिकार घरी बसून लेख लिहिणाराला नाही. परंतु कलेची परीक्षा करावयाची तर स्पष्ट सांगितले पाहिजे की हा गोमाचा सांगाडा आहे. दर्ग्यातील धमालीत बसून गाण्याचा एक प्रकार आहे आणि उठून नाचण्याचा दुसरा. एक जण ओळ धरतो, बाकीचे उत्तर देतात. शब्दांत गुजराती आणि हिंदुस्थानी असते, मध्येच एखादा जुना आफ्रिकी शब्द येतो, ज्याचा अर्थ गाणाऱ्यासही आता सांगता येत नाही. ढोल आधी केवळ आधार देतात. लय हळूहळू चढते. ती कोणी एकटा चढवीत नाही, उत्तर देणारांच्या श्वासाने ती चढते. शेवटी कोणाच्या अंगात संचार होतो, कोणी नाचू लागतो. रंगमंचावर हा शेवटच तेवढा उचलून आरंभी ठेवलेला असतो. चढण काढून टाकून शिखर दाखवावयाचे, असा हा प्रकार आहे. आणि चढणीवाचून शिखर म्हणजे नुसता धोंडा.

हा दोष कानांनी तपासण्याचे एक साधन उपलब्ध आहे. नजीर अली जैरझभॉय आणि त्यांच्या पत्नी एमी कॅटलिन यांनी २००२ साली सिदींच्या संगीताची ध्वनिमुद्रिका काढली आणि पुढील वर्षी त्याच विषयावर चित्रपटही केला. जैरझभॉय हे रागसंगीताचे मान्य अभ्यासक. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा ग्रंथ १९७१ सालचा. रागांच्या थाटांची चिकित्सा करण्यात ज्याची उमेद गेली, त्याने उतारवयात फकिरांच्या ढोलाला तितक्याच गंभीरपणे कान द्यावा, ही गोष्ट आपल्याकडील संगीतसमीक्षकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. मुद्रिकेत मोरपिसे दिसत नाहीत. दिसत नाहीत म्हणूनच ढोलांचे परस्परांशी चाललेले बोलणे ऐकू येते : मोठा ढोल जागा धरून बसतो, लहान ढोल ती जागा सोडून जातो आणि पुन्हा तिच्याशी येऊन मिळतो, आणि या जाण्यायेण्यात गाणाराच्या उत्तराला वाट मोकळी राहते. तबल्याच्या समेची सवय असलेल्या कानाला प्रथम चुकल्यासारखे होते. परंतु एका लयीच्या अंगावर दुसरी लय चालविणे हे आपल्याकडे अज्ञात नव्हते. गोव्याचे लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर हातापायांनी निरनिराळे ताल एकाच वेळी धरून दाखवीत, आणि थोरथोर गवई माना डोलवीत. खाप्रूमामांनी हे एकट्याच्या अंगात साधले. गोमात तेच काम चौघांत वाटलेले असते. फरक एवढाच की खाप्रूमामांच्या बाबतीत आपण म्हणालो, 'केवढी साधना!' आणि सिदींच्या बाबतीत म्हणतो, 'रक्तातच आहे.'

येथेच आमचे मूळ भांडण आहे. उस्तादाविषयी बोलताना आपल्या तोंडी तालीम, रियाज, गंडाबंधन, गुरूच्या घरची पाण्याची घागर हे शब्द येतात. त्याचा मुलगा गवई झाला तर आपण घराणे म्हणतो, पण त्याला पहाटे उठवून किती घोकविले याच्या आख्यायिका त्याबरोबर सांगतो. ढोल्याच्या मुलाविषयी अशी आख्यायिका कोणी सांगत नाही. तो जणू वाजवीतच जन्मला! आफ्रिकेत घानाच्या उत्तरेस दागोंबा लोकांत ढोल वाजविणे हे विशिष्ट घराण्यांचे काम आहे खरे. परंतु घराण्यात जन्म घेतला म्हणून कोणी वादक होत नाही. राजांच्या वंशावळी ढोलाच्या बोलांत त्याला लहानपणापासून पाठ कराव्या लागतात, आणि चुकला तर ती वंशावळीतली चूक होते. कोफी अगावू हे घानाचेच संगीतशास्त्रज्ञ. त्यांनी १९९५ साली एक निबंध लिहून असे प्रतिपादिले की 'आफ्रिकेचा ताल' म्हणून जी एक अद्भुत, बाकीच्या जगाहून निराळी वस्तू सांगितली जाते, ती बरीचशी लिहिणारांनीच निर्माण केलेली आहे. त्यांचे सगळेच विवेचन आम्हांस पटते असे नाही. इतरांच्या लेखणीवर ते कधीकधी गरजेहून अधिक कोपतात. पण मुद्दा बिनतोड आहे.

रक्ताची उपपत्ती खरी मानली तर तिची परीक्षा घेण्यास महाराष्ट्राइतके चांगले ठिकाण नाही. जंजिऱ्याचे नवाब सिदीच. त्यांचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. त्या घराण्याची कीर्ती मुगरमानामुळे झालेली नाही. उलट, नवाब सिदी अहमदखान यांच्या बेगम नाझली यांच्या भगिनी अतिया फैजी यांनी १९१४ साली हिंदी संगीतावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो रागरागिण्यांवर. राजवाड्याच्या आप्तवर्गात जे शिकविले जाई, जे ऐकले जाई, ते पुढे आले. दुसरे उदाहरण नाशिकजवळच्या शरणपूरचे. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडविलेली आफ्रिकी मुले तेथील मिशनच्या आश्रमात ठेवीत. त्यांना इंग्रजी, सुतारकी, लोहारकी आणि ख्रिस्ती प्रार्थना शिकविल्या गेल्या. यांतलाच जेकब वेनराइट हा पुढे डॉ. लिव्हिंग्स्टनच्या शोधमंडळीत होता. लिव्हिंग्स्टन १८७३ साली वारला तेव्हा त्याच्या पुरण्याच्या वेळची प्रार्थना याने वाचली आणि पुढील वर्षी त्याचे शव घेऊन तो थेट लंडनच्या वेस्टमिन्स्टर मठापर्यंत गेला. शरणपुरात आफ्रिकेचा ढोल शिकविणारे कोणी ठेवलेले नव्हते, आणि शरणपूरचे नाव ढोलासाठी कोणी घेत नाही. जंजिरा, शरणपूर आणि जांबूर, तिन्हीकडचे मूळ आफ्रिकेत. ढोल वाजला तो जांबुरात, कारण तेथे दर गुरुवारी पिराच्या दारात माणसे जमत होती आणि त्यांच्या पायांशी मुले बसत होती.

सरकारनेही एकदा या उपपत्तीवर पैसे लावून पाहिले. १९८७ च्या सुमारास क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुले निवडून त्यांस धावपटू करण्याची योजना आखली. आफ्रिकी बांध्याची माणसे पदके आणतील, हा हिशोब. काही मुले खरोखर चांगली निघाली, योजना काही वर्षांत गुंडाळली गेली, आणि मुले घरी परतली. तेथे निदान एवढे तरी झाले की रक्त आहे म्हणून न थांबता शिक्षक नेमले गेले. ढोलाच्या बाबतीत तेवढेही कोणी केले नाही. रक्तात असलेल्या गोष्टीला शिक्षक कशाला?

आणि याचा परिणाम मलुंग्याने भोगला. मलुंगा हे मुख्यतः फकिराचे वाद्य. तो घेऊन दारोदार जावयाचे, पिराचे नाव गावयाचे, आणि दाणे मागावयाचे. ज्या बापाने मलुंगा वाजवून भिक्षा मागितली त्याच्या मुलाला मलुंगा हातात घेताना भिक्षा आठवणारच. पुन्हा हे वाद्य खेळांत शोभत नाही. तेथे त्याचा आवाज पोचत नाही, आणि त्याने नारळ फुटत नाही. तेव्हा जो तरुण शिकला तो नाच शिकला, आणि जाणते मलुंगावादक विरळ होत गेले. रक्त तेच होते. वाद्य लोपू लागले. जैरझभॉय-कॅटलिन यांचा २००४ सालचा दुसरा चित्रपट याच वाद्याच्या पुनरुज्जीवनाच्या खटपटीवर आहे, आणि आमच्या मते त्यांच्या साऱ्या कामात तोच अधिक मोलाचा. मुद्रिका ही ठेव आहे. या दुसऱ्या कामात जाणत्याकडून नवख्याच्या हातात वाद्य जावे ही धडपड आहे. एक गोष्ट मात्र खुपते. अशी खटपट कॅलिफोर्नियाहून यावी लागली. भडोच आणि राजकोट येथून ती निघाली नाही, मुंबई-पुण्याहूनही निघाली नाही.

परदेशात ढोल शिकविण्याचे काय झाले हेही थोडक्यात पाहण्यासारखे आहे. गिनी देशातील 'जेंबे' नावाचा हाताने वाजविण्याचा ढोल आज युरोप-अमेरिकेच्या गल्लीबोळांत शिकविला जातो, आणि अलीकडे आपल्याही मोठ्या शहरांत. त्याचे श्रेय ज्या थोड्या लोकांकडे जाते त्यांत मामादी कैता अग्रगण्य. खेड्यात जन्मलेला हा मुलगा १९६४ साली सरकारी नृत्यमंडळासाठी निवडला गेला. पुढे त्याने १९९१ साली ब्रसेल्समध्ये स्वतःची शाळा काढली, जेंबेचे तीन मूळ आघात आणि त्याच्या सोबतीचे डुंडुनबा, सांगबान, केंकेनी हे तीन ढोल यांची पद्धतशीर शिकवणी बसविली, आणि २०२१ साली मरण येईपर्यंत देशोदेशी शिष्य तयार केले. हे सारे निर्दोष आहे असे नाही. शनिवारी-रविवारी वर्तुळात बसून ढोल बडविणारी सुखवस्तू मंडळी पुष्कळदा ढोल शिकण्याऐवजी मनाचा शीण घालवीत असतात, आणि ज्या लग्नात, ज्या पेरणीत तो ताल वाजतो त्याचे नावही त्यांस ठाऊक नसते. ङोमातला मेळावा तेथे भाड्याने आणलेला असतो. परंतु एका गोष्टीत ती शाळा आपल्या पुढे आहे. तेथे ढोल शिकविणारा 'गुरू' आहे. त्याला शुल्क मिळते, त्याचे नाव पाटीवर असते, आणि त्याच्या शिष्याला 'तुम्ही कोणाकडे शिकलात?' असे विचारतात.

आता आमच्या गावाकडे वळतो. नांदगाव खंडेश्वर हे अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या वाटेवरचे तालुक्याचे गाव. खंडेश्वराच्या जुन्या हेमाडपंती देवळावरून त्याचे नाव. येथे सिदी नाहीत. आफ्रिकेचा ढोलही नाही. परंतु गोमाच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास ज्या दोन गोष्टी लागतात, त्या दोन्ही या मुलखात शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. एक खंजिरी आणि दुसरे डफडे.

खंजिरीची कथा सर्वांस ठाऊक आहे. तुकडोजी महाराज अमरावती जिल्ह्यातील यावलीचे, १९०९ सालचा जन्म; १९३५ साली त्यांनी मोझरीस गुरुकुंज स्थापिले. त्यांच्या हातात सदैव असलेली ती लहानशी, झांजा लावलेली चामड्याची चकती घेऊन ते गावोगाव गेले, आणि १९५५ साली तर जपानात विश्वधर्म परिषदेपुढे बसले. पण महत्त्वाची गोष्ट जपानची नव्हे, खेड्याची. गुरुदेव सेवामंडळाच्या शाखा जेथे जेथे झाल्या तेथे तेथे शेतकऱ्यांची, मजुरांची, शिक्षकांची मुले खंजिरी वाजवू लागली. कोणाच्या सात पिढ्यांत कोणी चामड्याला हात लावलेला नव्हता, उलट तो लावणे कमीपणाचे मानले जात असे. रक्ताच्या हिशोबाने या मुलांना ताल येण्याचे काही कारण नव्हते. तरी आला. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, तिच्यानंतरचे भजन, आणि जाणत्याच्या मांडीला मांडी लावून बसलेला नवखा : एवढ्या सामग्रीवर आला. खंजिरीचा अंगठा कोठे ठेवावा, झांज कोरडी केव्हा ठेवावी आणि केव्हा झणकवावी, हे या मुलखात शेकडो हातांना ठाऊक झाले, ते एका पिढीत. हल्लीच्या भजनस्पर्धांविषयी आमचे मत फारसे चांगले नाही. ध्वनिक्षेपकाचा आवाज पदाच्या वर जातो, चाली बोलपटांतून येतात, आणि कधीकधी बक्षीस पोशाखाच्या इस्त्रीला मिळते की काय असा संशय यावा. तरीही शिकविण्याची साखळी तुटलेली नाही, आणि कोणी कोणास शिकविले हे गाव सांगू शकते.

डफड्याचे तसे झाले नाही. लग्नाची वरात, पोळा, देवीची मिरवणूक, मयत, यांपैकी काहीही डफड्यावाचून होत नव्हते. आणि वाजविणारा मात्र गावाच्या कडेला राहात होता. 'मांगाच्या पोराला डफडे शिकवावे लागत नाही' असे लोक सहज म्हणत, आणि त्यात आपण काही वावगे बोललो असे त्यांस वाटत नसे. रंगमंचावरील सिदीविषयीचे वाक्य ते हेच. जांबुराचे वाक्य इंग्रजी वर्तमानपत्रात छापून येते म्हणून सुसंस्कृत वाटते, एवढाच भेद. दोहोंचा अर्थ एक : याने काही मिळविलेले नाही, हा जन्मतःच असा आहे, म्हणून याला बिदागी थोडी, मान त्याहून थोडा, आणि याचे काम सोडण्याची मुभा मुळीच नाही. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने हा अर्थ बरोबर ओळखला. १९२७ च्या महाड परिषदेनंतर गावकीची जी हलकी ठरविलेली कामे महार समाजाने टाकली, त्यांत अनेक ठिकाणी गावासाठी वाजविणेही होते. कलेचे नुकसान झाले म्हणून हळहळणारे काही रसिक आम्हांस भेटले आहेत. त्यांस आम्ही एवढेच विचारतो की, डफडे वाजविणाराला आपण कधी 'बुवा' म्हणून हाक मारली होती काय, आणि आपल्या मुलास त्याच्याकडे शिकावयास पाठविले होते काय? ज्या वाद्याबरोबर अपमान वारशाने येतो ते वाद्य खाली ठेवणाऱ्याचा हात कलेच्या नावाने धरणे हा शुद्ध अप्पलपोटेपणा आहे. खंजिरी आणि डफडे, दोन्ही चामड्याचीच. एकीला गुरू लाभला, तर दुसऱ्याला जन्माचे ओझे मिळाले.

सिदींच्या गोमापुढे आज हेच दोन मार्ग आहेत असे आम्हांस दिसते. २०२३ साली जांबूरच्या हिरबाई लोबी यांस पद्मश्री देण्यात आली, ती त्यांच्या समाजातील स्त्रिया व मुले यांच्यासाठी केलेल्या कामाबद्दल. तेव्हा मानाची वाट अगदीच बंद आहे असे नाही. परंतु रंगमंचावर अद्याप पथकाचे नाव पुकारले जाते, माणसाचे नाही. गवयाच्या मैफलीत तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याचेही नाव सांगतात. मुगरमान कोणी वाजविला, त्याने तो कोणापाशी घेतला, हे धमालीनंतर निवेदक सांगत नाही, आणि श्रोतेही विचारीत नाहीत. अमरावतीस किंवा नागपुरास पुढेमागे असे पथक आले तर तेथील मंडळांनी आगीचे खेळ थोडे कमी करून त्यांच्याकडून बसून गाण्याची धमाल मागावी. ती तासभर चालू द्यावी, चढू द्यावी. ढोल सुरू होण्याआधी दिवे न मालवता, ध्वनिक्षेपक जवळ नेऊन, मलुंगावाल्याला एकट्याला दहा मिनिटे द्यावीत. आणि पत्रिकेवर त्याचे नाव, त्याच्या उस्तादाचे नाव, आणि त्याच्याजवळ शिकणारा कोणी मुलगा बरोबर आला असेल तर त्याचेही नाव छापावे.